वामनवृक्ष : पुनर्रचना आणि कुंडीपालट

कुंडीत जोपासलेल्या लहानखुऱ्या वृक्षास मराठीत ‘वामनवृक्ष’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. शब्द सुबोध आहे आणि उच्चारास गोडही आहे. परंतु ज्या जपानी शब्दाचा पर्याय म्हणून तो योजला जातो, त्या ‘बोन्साय’ शब्दात ‘वामन’ हा अर्थ नाही, आणि ‘वृक्ष’ हाही नाही. ‘बोन’ म्हणजे तबकासारखे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड. हीच दोन अक्षरचिन्हे चिनी भाषेत ‘पेनत्साय’ अशी वाचली जातात. जातीनेच खुज्या असलेल्या वनस्पतीसाठी जपानीत ‘वाइसेइ’ हा निराळा शब्द आहे, आणि तो येथे वापरला जात नाही. मूळ शब्द झाडाची जात सांगत नाही की उंचीही सांगत नाही; पात्र आणि लागवड यांचा संबंध तेवढा तो सांगतो.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय आहे असे मात्र नव्हे. ‘वामन’ या विशेषणामुळे असा समज सहज रूढ होतो की, झाडाला उपाशी ठेवून, त्याची मुळे वरचेवर छाटून, त्यास बळेच खुजे केले जाते. आणि कुंडी बदलणे हा त्या कोंडमाऱ्याचाच एक भाग होय. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. झाडाचा आकार मर्यादित राहतो तो मुख्यतः शेंडे खुडल्याने, फांद्या छाटल्याने आणि मुळांना मिळणाऱ्या जागेच्या मर्यादेने. मुळांची छाटणी ही झाडास खुजे करण्यासाठी नसून त्यास जगविण्यासाठी असते. हे ध्यानात न आल्यामुळे कोणी कुंडी बदलण्याचे टाळतो, तर कोणी ती बदलताना मुळांवर निष्ठुरपणे कातरी चालवितो. आणि दोन्ही मार्गांनी झाड दगावते. रोप दगावले तर हानी दोन-चार वर्षांची असते. मोठ्या, वृद्ध झाडाच्या बाबतीत ती अनेक पिढ्यांच्या श्रमांची असते. यास्तव अशा झाडाची पुनर्रचना आणि कुंडीपालट या दोन क्रियांचे स्वरूप, त्यांमागील कारणे आणि त्यांचा परस्परसंबंध यांचे विवेचन येथे योजिले आहे. जपानी संज्ञांच्या घडणीचा त्या कामी उपयोग होतो, कारण त्या संज्ञांत माळ्यांचा दीर्घ अनुभव साठलेला आहे.

१. मुळांची छाटणी

कुंडीपालटास जपानीत ‘उएकाए’ म्हणतात. ‘उएरु’ म्हणजे लावणे आणि ‘काएरु’ म्हणजे बदलणे; या दोन क्रियापदांच्या अंगांपासून हे नाम सिद्ध झाले आहे. ‘पुन्हा लावणे’ हा त्याचा सरळ अर्थ. कुंडी नवी असलीच पाहिजे असे त्यात अभिप्रेत नाही. बहुधा झाड त्याच कुंडीत परत बसविले जाते. बदलते ती माती आणि मुळांची स्थिती.

ही क्रिया आवश्यक का ठरते? मुळाच्या टोकाजवळचा अगदी थोडा भाग आणि त्यावरील सूक्ष्म केस हेच पाणी व क्षार यांचे शोषण प्रामुख्याने करतात. मूळ जसजसे लांबते तसतसा त्याचा मागचा भाग कठीण होऊन शोषणाच्या कामी निरुपयोगी होतो. जमिनीतील झाडास याची अडचण नसते, कारण मुळांची टोके सतत नव्या मातीत शिरत असतात. कुंडीत मात्र ती भिंतीला टेकून वळतात, तळाशी फेर धरतात, आणि काही वर्षांनी कुंडीत माती थोडी व मुळांचे भेंडोळे फार अशी अवस्था होते. वरून घातलेले पाणी आत उतरत नाही, हवा खेळत नाही, आणि भेंडोळ्याच्या मध्यभागी, म्हणजे थेट बुंध्याखाली, कूज सुरू होते. जुनी मुळे कापली म्हणजे कापलेल्या टोकामागून अनेक नवी तंतुमुळे फुटतात. छाटणीने मुळांचा घेर कमी होतो, परंतु शोषण करणाऱ्या टोकांची संख्या वाढते. ‘वामन’ शब्दाने सुचविलेली उपासमार ती हीच काय, असा प्रश्न येथे कोणासही पडावा.

पानझडी झाडांची मुळे झपाट्याने वाढतात. त्यांतील तरुण झाडांची कुंडी दर एक-दोन वर्षांनी बदलावी लागते. वृद्ध सूचिपर्णी झाडांना तीन ते पाच वर्षे, आणि फार मोठ्या झाडांना त्याहूनही अधिक काळ चालतो. तथापि केवळ वर्षे मोजून निर्णय करणे इष्ट नव्हे. पाणी पृष्ठभागावर तुंबू लागणे, झाड कुंडीतून वर उचलले जाणे, नव्या पालवीचा जोम उतरणे, ही चिन्हे पंचांगापेक्षा अधिक विश्वसनीय आहेत.

२. उथळ पात्रातील पाणी

उथळ कुंडीतील पाण्याचे वर्तन प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटते. कुंडी उथळ म्हणजे ती लवकर कोरडी पडणार, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. परंतु पाणी घालून निथळल्यानंतरही केशाकर्षणामुळे तळाशी एक संपृक्त थर उरतोच, आणि त्या थराची उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसून मातीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. कण बारीक तितका हा थर उंच. खोल कुंडीत हा थर मुळांच्या खाली राहतो. उथळ कुंडीत तोच थर मुळांचा मोठा भाग व्यापतो आणि त्यांस गुदमरवितो. म्हणूनच उथळ पात्रासाठी बागेतील माती सर्वथा अयोग्य ठरते. जपानमध्ये या कामी ‘आकादामा’ वापरतात. कांतो प्रदेशातील ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या या तांबड्या दाणेदार मातीचे नावच ‘लाल गोळी’ असे आहे. तिच्यात प्यूमिस आणि लाव्हा दगडाची खडी मिसळतात. मिश्रण चाळणीने चाळून धूळ काढून टाकणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत टाळू नये असे काम होय. कारण दाण्यांमधील पोकळ्या धुळीने भरल्या की दाणेदार मातीचा सारा लाभ नष्ट होतो. आकादामाचे दाणेही कालांतराने विरघळून त्यांचा चिखल होतो. मुळे वाढली नसली तरी माती जुनी झाली म्हणून कुंडीपालट करावा लागतो तो यामुळे.

३. रूपाचा पुनर्विचार

दुसरी क्रिया म्हणजे ‘काइसाकु’. ‘काइ’ म्हणजे बदल वा सुधारणा, ‘साकु’ म्हणजे निर्मिती. एकदा घडविलेल्या झाडाची पुन्हा नव्याने घडण, असा त्याचा अर्थ. हिचे प्रयोजन दोन प्रकारचे असते. पहिले, झाड स्वतःच बदलते: वरच्या फांद्या जाड होतात, खालच्या सावलीत दुबळ्या होतात, एखादी मरते, आणि पूर्वीची रेषा हरवते. दुसरे, नव्या धारकास त्याच झाडात अधिक सामर्थ्यवान असे अन्य रूप दिसते.

या दृष्टीचे आधारस्थान म्हणजे ‘नेबारी’, बुंध्यापाशी पसरलेल्या मुळांचा दृश्य भाग. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘हारि’ म्हणजे ताण, पसारा. समासात उत्तरपदाचा आरंभीचा ‘ह’ घोष होऊन त्याचा ‘ब’ होतो. जपानी समासांत हा ध्वनिविकार नित्याचाच आहे. झाडाची दर्शनी बाजू ‘ओमोते’ आणि पाठीमागची ‘उरा’. पुनर्रचनेचा पहिला प्रश्न ‘कोणती फांदी कापावी’ हा नसून ‘ओमोते कोणती’ हा असतो. अनुभवी माळी पृष्ठभागावरील माती हलकेच बाजूला सारून नेबारी उघडी करतो, झाड फिरत्या पाटावर ठेवून सर्व बाजूंनी न्याहाळतो, कुंडीखाली लाकडी पाचर सारून कलतेपणाचे निरनिराळे कोन पाहतो. पाच अंशांच्या फरकानेही खोडाची चाल पालटते. हे निरीक्षण कित्येकदा महिनेच्या महिने चालते, आणि त्यात झाडास काडीचीही इजा होत नाही.

यानंतरच तारेचे काम. सूचिपर्णी झाडांसाठी भट्टीत तापवून मऊ केलेली तांब्याची तार वापरतात. तिची जाडी वाकवावयाच्या फांदीच्या सुमारे एक तृतीयांश असावी, आणि तिचे वेढे सुमारे ४५ अंशांच्या कोनात पडावेत, असा संकेत आहे. जाड फांदीस आधी राफिया ताडाच्या ओल्या तंतूंचे घट्ट वेष्टन करतात, म्हणजे वाकविताना साल फाटून लाकडापासून सुटत नाही. त्याहून जाड फांदी लोखंडी सळईला जखडून, पेचाच्या साहाय्याने थोडी थोडी खाली ओढली जाते. साल आणि लाकूड यांच्यामधील जिवंत पातळ थर अखंड राहिला तर आतील लाकूड थोडे तडकले तरी फांदी जगते. तो थर सर्व बाजूंनी तुटला तर बाहेरून अभंग दिसणारी फांदीही मरते. तार काही महिन्यांनी, सालीत रुतण्यापूर्वी, कापून काढावी लागते. उलगडून काढण्याचा मोह टाळावा, कारण उलगडताना कोवळे डोळे मोडतात.

पुनर्रचना कोठवर जावी याविषयी मतभेद आहेत. १९४० मध्ये जन्मलेले ओमिया येथील किमुरा मासाहिको यांनी यांत्रिक उपकरणांचा उपयोग करून डोंगरी जुनिपर वृक्षांची इतकी आमूलाग्र पुनर्रचना केली की पूर्वीचे झाड ओळखूही येऊ नये. काहींच्या मते त्यामुळे या कलेस नवे सामर्थ्य लाभले. इतरांच्या मते झाडाने काळाच्या ओघात संपादिलेली प्रौढी अशा वेगाने झाकोळते. दुसऱ्या पक्षाच्या मुखी ‘मोचिकोमि’ ही संज्ञा वारंवार येते. झाड दीर्घकाळ कुंडीत जोपासले गेल्याने सालीस, फांद्यांच्या बारीक विस्तारास आणि एकूण मुद्रेस जे परिपक्व रूप येते त्यास हे नाव आहे. तारेने वळण देता येते, मोचिकोमि देता येत नाही. म्हणून ज्याच्यापाशी ती आहे अशा झाडावर हात टाकण्यापूर्वी, मिळणारे रूप हे गमावल्या जाणाऱ्या रूपापेक्षा खरोखर थोर आहे काय, याचा निवाडा करावा लागतो.

४. दोन क्रियांमधील अंतर

पुनर्रचनेत पाने कमी होतात, कुंडीपालटात मुळे कमी होतात. मग दोन्ही एकदमच उरकल्या तर वरचा व खालचा समतोल साधेल, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. तो दिसावयास तर्कशुद्ध आहे. परंतु झाड म्हणजे तराजू नव्हे. वाढत्या शेंड्यांत तयार होणारे ऑक्सिन हे द्रव्य खाली जाऊन नव्या मुळांच्या निर्मितीस चालना देते. मुळांच्या टोकांत तयार होणारे सायटोकायनिन वर जाऊन नव्या डोळ्यांस चालना देते. शेंडे आणि मुळे ही एकाच संभाषणातील दोन पक्षांसारखी आहेत. मुळे कापल्यावर ती पुन्हा फुटावीत यासाठी शेंडे हवेत. शेंडे कापल्यावर ते पुन्हा यावेत यासाठी मुळे हवीत. दोन्ही एकाच वेळी कापली तर पुनरुत्थानाचा आरंभ कोठून व्हावा? जुनिपरसारख्या सदाहरित झाडाच्या बळाचा मोठा साठा त्याच्या पर्णसंभारातच असल्यामुळे, त्याच्या बाबतीत ही चूक विशेष घातक ठरते. शिवाय असे झाड लगेच मरत नाही. आपल्या साठ्यावर ते काही महिने हिरवे राहते, आणि म्हणूनच करणाऱ्यास आपली चूक कळते ती फार उशिरा.

यातून उद्भवणारा क्रम असा. झाडाची माती बिघडली असेल, तर प्रथम कुंडीपालट करावा आणि रूपाचा विचार बाजूस ठेवावा. नव्या मुळांचा जोम पालवीत दिसू लागेपर्यंत, म्हणजे वाढीचा किमान एक आणि वृद्ध झाडाच्या बाबतीत बहुधा दोन हंगाम, थांबावे. मग पुनर्रचना करावी. पुन्हा थांबावे. अखेरीस, नवा कोन व नवी ओमोते साधून, झाड त्याच्या योग्य कुंडीत बसवावे. मधल्या काळात कुंडीखालची पाचर कोन सांभाळते. दोन-तीन दिवसांच्या कामास अशा रीतीने चार-पाच वर्षे लागतात.

क्रिया वेळाने विभक्त असल्या तरी विचाराने विभक्त नसाव्यात. वृद्ध जुनिपरच्या खोडाचा बराच भाग मृत असतो, आणि सालीचा एखादाच पट्टा खालून वर रस वाहतो. या पट्ट्याला ‘मिझुसुइ’, म्हणजे ‘पाणी शोषणारा’, असे समर्पक नाव आहे. अशा झाडात ठराविक मूळ ठराविक पट्ट्याला आणि तो पट्टा ठराविक फांदीला पोसतो. क्लिष्ट श्लोकाचा अन्वय लावल्यावाचून त्यातील पद बदलू नये, त्याप्रमाणे कोणते मूळ कोणत्या फांदीचे याचा अन्वय लावल्यावाचून मूळ कापू नये. अन्यथा वसंतात कापलेल्या मुळाचा हिशेब शरदात एका सुकलेल्या फांदीने चुकता होतो, आणि ती नेमकी रचनेची मुख्य फांदी असू शकते.

५. मोठ्या झाडाचा कुंडीपालट

ज्यास जपानीत ‘ओगाता’, म्हणजे मोठ्या आकाराचे, म्हणतात अशा झाडाचे वजन कुंडीसह शंभर किलोग्रॅमच्या पुढेही जाते. ते उचलण्यास दोन, कधी चार माणसे लागतात. एकदा उचलल्यावर विचार करण्यास सवड नसते. म्हणून माती चाळून, जाळ्या बसवून, तारा ओवून, नवी कुंडी आधी सिद्ध ठेवावी लागते. समशीतोष्ण प्रदेशात योग्य काळ म्हणजे वसंताचा आरंभ, डोळे फुगू लागतात पण उमलले नसतात तो. हे वेळापत्रक महाराष्ट्रात जसेच्या तसे आणता येत नाही. वड, पिंपळ, उंबर यांसारख्या झाडांची मुळे उष्ण हवेत जोमाने फुटतात. त्यांच्यासाठी थंडीचे दिवस टाळून वाढीचा उबदार हंगाम निवडणे युक्त होय. प्रवास करते ते तत्त्व, तारीख नव्हे.

प्रथम तळाच्या जुन्या तारा कापतात. मग कुंडीच्या कडेने लहान विळा फिरवून मुळांचे भेंडोळे सोडवितात आणि झाड तिरपे करून उचलतात. खोड धरून ओढणे अयोग्य. जोर भेंडोळ्यावरच असावा. तळाची फेर धरलेली मुळे आकडीने विंचरून कापतात. सरळ खाली जाणारी जाड मुळे आखूड करतात, कारण उथळ कुंडीत त्यांस जागा नाही. आडवी पसरणारी मुळे राखतात, कारण उद्याची नेबारी तीच. वृद्ध सूचिपर्णी झाडाची सर्व जुनी माती एकाच वेळी कधीही काढू नये. पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी कवके त्या मातीत असतात, आणि मुळे पूर्ण उघडी पडणे त्यास सोसत नाही. म्हणून एका वेळी अर्ध्या भागाची माती काढून उरलेला अर्धा पुढील कुंडीपालटासाठी ठेवतात. हवेत उघडी पडलेली तंतुमुळे काही मिनिटांतच सुकू लागतात. त्यांवर पाण्याचा तुषार मारीत राहणे हे एका माणसाचे स्वतंत्र काम समजावे.

नव्या कुंडीत तळाशी जाडसर खडी, तिच्यावर मातीचा उंचवटा, आणि त्यावर झाड किंचित फिरवीत दाबून बसवितात, म्हणजे बुंध्याखाली पोकळी राहत नाही. नंतर आधीच ओवलेल्या तारांनी मुळांचे भेंडोळे कुंडीला घट्ट बांधतात. ही पायरी नवशिक्यास गौण वाटते, परंतु झाडाचे जगणे पुष्कळदा हिच्यावरच अवलंबून असते. वाऱ्याने खोड एवढेसे हलले तरी नुकती फुटलेली मुळे तुटतात. ती पुन्हा फुटतात, पुन्हा तुटतात, आणि साठा संपल्यावर झाड हार खाते. बांधणी झाल्यावर कोरडी माती टाकून ती बांबूच्या काडीने मुळांच्या फटीफटीत सारतात. ठोसून भरल्यास दाणे फुटतात. अखेर तळातून निघणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणी घालतात. पुढील काही आठवडे झाड वाऱ्यापासून व प्रखर उन्हापासून जपावयाचे. नवी वाढ दिसेपर्यंत खत द्यावयाचे नाही, आणि दर वेळी माती पाहूनच पाणी द्यावयाचे. कमी मुळे कमी पाणी पितात, हे ध्यानी न घेता लाडाने दिलेले पाणी नव्या मुळांस कुजविते.

६. शरीर

जुनिपरच्या खोडावरील पांढऱ्या, वठलेल्या लाकडास ‘शारि’ म्हणतात. मराठी वाचकास हा शब्द परका वाटेल. पण तो परका नाही. संस्कृत ‘शरीर’ शब्दास बौद्ध वाङ्मयात ‘बुद्धाचे देहावशेष’ असा विशेष अर्थ आला. तो ग्रंथांबरोबर चीनमध्ये जाऊन ‘शेली’ झाला, आणि जपानमध्ये ‘शारि’. तेथील माळ्यांनी तो वृक्षाच्या अस्थिवत् शुभ्र काष्ठास लावला. मृत लाकडावर चुना-गंधकाच्या द्रावणाचा लेप देऊन ते कुजण्यापासून राखतात, आणि त्याच्या कडेने जिवंत सालीचा अरुंद पट्टा वर चढतो. पुनर्रचना करणाऱ्याचे कौशल्य हे मृत आणि जिवंत यांची सीमा ओळखण्यात आहे. कारण ती एक बोटभर चुकली तर उरते ते केवळ ‘शरीर’.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पंचसूची पाइन आहे. १६२५ पासून त्याची जोपासना चालू असल्याची नोंद आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा हे झाड स्फोटस्थानापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, भिंतीच्या आडोशास होते आणि ते वाचले. १९७६ मध्ये मासारु यामाकी यांनी ते अमेरिकेस भेट दिले. आणि त्याची ही कथा तेथे सर्वांस कळली ती २००१ मध्ये, त्यांचे नातू झाड पाहावयास आले तेव्हा. अणुबाँबमधून वाचणे हे असामान्य खरेच. परंतु सरासरी पाच वर्षांनी एकदा, एवढाच साधा हिशेब धरला तरी, चारशे वर्षांत सुमारे ऐंशी वेळा कोणी ना कोणी या झाडाची मुळे हातात घेतली असतील. त्यांतील एका जरी हाताने घाई केली असती, एक पायरी गाळली असती, तर पुढचे सारे हात रिकामे राहिले असते. त्या हातांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या कामाची साक्ष म्हणून झाड तेवढे उभे आहे.

‘वामनवृक्ष’ हा शब्द मराठीत रुळला आहे, आणि तो काढून टाकण्याचे काही कारण नाही. मात्र त्यातील ‘वामन’ पदाचा अर्थ लावताना पुराणातील वामनाचे स्मरण ठेवणे बरे. तो दिसण्यात लहान होता. परंतु त्याचे माप उंचीने घेणाऱ्याची फसगत झाली. या वृक्षांचेही माप उंचीने घ्यावयाचे नसून, त्यांच्यासाठी किती जणांनी किती काळ थांबण्याची तयारी ठेवली, यावरून घ्यावयाचे असते.